घाटात तापणारी गाडी : बीडमधल्या घरच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ मे

गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरांची पेट्रोल हॅचबॅक असून ती दुसऱ्या हातची घेतलेली आहे. तक्रार अशी आहे की शहरात, अगदी सुभाष रोडच्या गर्दीत खोळंबली तरी तापमानाचा काटा मधल्या रेषेवरून हलत नाही. पण चौघे बसून आणि एसी लावून पालीच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट चढू लागले की अर्ध्या चढातच काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि वर सपाटीला लागल्यावर काही मिनिटांत पुन्हा जागेवर येतो. काल मात्र तो लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, काचा खाली करून हीटर पूर्ण गरमवर लावला (तोही इंजिनाचीच उष्णता ओढून घेतो) आणि गाडी कडेला घेऊन इंजिन थोडा वेळ चालूच ठेवले, कारण वाफ येत नसेल तर पंप आणि पंखा चालू राहणे हिताचे असते. वाफ येत असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. मदतीला थांबलेल्या दोघांनी बॉनेट उघडून इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतण्याचा सल्ला दिला. तो आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि त्यानेच अॅल्युमिनियमच्या हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाण्याचा धोका असतो.

दोन गॅरेजमध्ये विचारणा केली. एकाने हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेल्याचे सांगून पंधरा हजारांचा अंदाज दिला, दुसऱ्याने रेडिएटर बदलण्यास सांगितले. गाडी नेमकी केव्हा तापते, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. वास्तविक सगळे निदान या एका प्रश्नापासून सुरू होते. उभी असताना किंवा गर्दीत तापते आणि पळताना थंड होते, तर संशय पंख्यावर जातो. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) बंद स्थितीत अडकला आहे किंवा गॅस्केट फुटले आहे. सपाटीवर ठीक आणि फक्त भाराने, चढावर तापते, तर इंजिन जेवढी उष्णता निर्माण करते तेवढी बाहेर टाकली जात नाही, म्हणजे प्रवाह किंवा रेडिएटर यांत अडथळा आहे. आमची गाडी तिसऱ्या प्रकारातली असल्याने पंधरा हजार घालण्यापूर्वी घरीच शोध घेण्याचे ठरवले.

३ मे

रात्रभर गार झालेल्या इंजिनावर सकाळी तपासणी केली. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडण्याचा विचारही करू नये. आत दाबाखाली असलेले पाणी झाकण सैल होताच वाफ होऊन तोंडावर येते.

बॉनेट उघडताच वरचा होज पाइप दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा झालेला दिसला. झाकणाच्या मध्यभागी एक छोटी उलटी झडप असते. इंजिन गार होताना आतले पाणी आकसते, तेव्हा ही झडप उघडून राखीव बाटलीतले पाणी परत आत ओढले जाते. झडप चिकटली तर आत निर्वात तयार होऊन पाइप चपटा होतो. झाकण काढून पाहिले, तर झडप बोटाने ओढूनही सुटत नव्हती आणि मोठ्या रबराला भेगा होत्या. झाकणावर ०.९ असा आकडा आहे, म्हणजे ०.९ बार दाब. एवढा दाब टिकला तर साधे पाणीसुद्धा ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि दाब अजिबात टिकला नाही तर बीडच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर, ते ९८ अंशांनाच उकळते. नवीन झाकण त्याच आकड्याचे घेतले, २२० रुपये. जास्त आकड्याचे झाकण ‘मजबूत’ म्हणून विकले जाते, पण जुन्या होज पाइपांवर जादा दाब टाकण्यात काही अर्थ नाही.

झाकणाखाली जे दिसले ते अधिक महत्त्वाचे होते. पाणी विटकरी रंगाचे होते, कूलंटच्या हिरव्या किंवा लाल रंगाचा मागमूस नव्हता आणि तोंडाच्या कडेला पांढऱ्या क्षाराचे कडे जमले होते. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी बोअर आहे आणि गाडी धुण्यापासून रेडिएटर भरण्यापर्यंत सगळ्याला तेच पाणी वापरले जाते. शेजारी जारच्या पाण्याचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडचे टीडीएस मीटर आणून मोजले : बोअरचे पाणी ९८०, जारचे ७०, बॅटरीत घालायचे पाणी २. हे मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजते, त्यांतले कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे वेगळे सांगत नाही; तरी पाण्यापाण्यातला फरक कळायला ते पुरेसे आहे. रेडिएटरमधून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार आतच राहतात, आणि दर वेळी वरून पुन्हा बोअरचेच पाणी भरले की त्यांत आणखी भर पडते. गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो तोच इथे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

४ मे

काट्यावर विसंबून निदान होणार नाही हे लक्षात आल्याने स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचे ब्लूटूथ रीडर मागवले होते, ते आज आले. किंमत ६५० रुपये. मोबाइलवर पाण्याचे खरे तापमान दिसते. पहिल्याच फेरीत समजले की ८४ अंश असो की १०२, काटा मधल्या रेषेवरच राहतो. कारखान्यातूनच तो तसा बसवलेला असतो, म्हणजे चालकाला उगीच काळजी वाटत नाही. तो हलू लागतो तेव्हा फारसा वेळ उरलेला नसतो.

पहाटे, हवा गार असताना, गेवराईच्या दिशेने महामार्गावर सत्तरच्या वेगाने अर्धा तास चालवली : ७४ ते ७६. घरासमोर उभी करून इंजिन चालू ठेवले तेव्हा तापमान हळूहळू चढून ९७ ला पंखा सुरू झाला आणि ९१ ला बंद झाला. एसी लावताच पंखा लगेच फिरला. म्हणजे पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि सेन्सर यांपैकी कशातही दोष नाही. दुपारी एकटाच घाटात गेलो, अर्ध्या चढात ११२ दिसताच सुरक्षित जागा पाहून गाडी वळवली.

या आकड्यांतली विसंगती बोलकी आहे. या इंजिनाचा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडतो आणि तोवर रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही. मग अर्धा तास चाललेले इंजिन ७५ वर राहीलच कसे? थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकलेला असावा, असे लिहून ठेवले. गल्लीतले एक काका एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आहेत, त्यांना आकडे दाखवले. ते हसून म्हणाले, “अडकलाय कशाचा? काढूनच टाकला असंल बघा कुणीतर.”

६ मे

थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी गॅस्केटची शंका निकाली काढणे आवश्यक होते, कारण गॅस्केट खरेच गेले असेल तर बाकीचा सगळा खर्च वाया जाईल. तेलाच्या झाकणाखाली आणि तेल मोजायच्या डिपस्टिकवर साय नाही, म्हणजे तेलात पाणी मिसळलेले नाही. (फक्त झाकणाखाली थोडी साय दिसली, तर घाबरू नये; कमी अंतर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणाने येते. डिपस्टिकवरचे तेल कॉफीसारखे दिसले तर मात्र प्रकरण गंभीर आहे.) चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले. पाणी ज्या सिलिंडरमध्ये झिरपते त्याचा प्लग वाफेने धुतल्यासारखा इतरांहून स्वच्छ दिसतो. हे चारही सारखेच तपकिरी होते. नंतर गार इंजिन सुरू करून वरचा होज पाइप हाताने दाबत राहिलो. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर पाणी तापण्याआधीच, एक-दोन मिनिटांत, पाइप दगडासारखा कडक होतो. तो मऊच राहिला. झाकण उघडे ठेवून गार इंजिन चालवल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे आले आणि थांबले, सतत येत राहिले नाहीत. धुराला गोडसर वास नाही. एका परिचितांकडून कॉम्प्रेशन गेज आणून चारही सिलिंडर मोजले, दाब जवळजवळ सारखा भरला.

पंधरा हजारांचे काम इथेच बाजूला पडले. या सगळ्या तपासणीला प्लगच्या पान्याखेरीज काहीही विकत घ्यावे लागले नाही.

७ मे

इन्फ्रारेड तापमापकाची बंदूक घेतली, ११०० रुपये. तिच्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे : चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खूपच कमी तापमान दाखवते. होजच्या रबरावर आणि प्लास्टिकच्या टाकीवर आकडा बरोबर येतो. जाळीवर मोजायचे असल्याने पंख्याची चौकट चार बोल्ट काढून बाजूला केली आणि जाळीवर ओळीने फळ्याच्या काळ्या रंगाचे ठिपके दिले. मग पंख्याविना इंजिन थोडाच वेळ, रीडरवर नजर ठेवून, चालवले. पाणी आत येते त्या बाजूला ९३, मधोमध ८२ आणि खालच्या कोपऱ्यात ५१. रेडिएटरमध्ये तापमान हळूहळू उतरत जाणे अपेक्षितच असते, परंतु खालच्या तिसऱ्या हिश्शात ते एकदम तुटले होते, म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते.

चौकट निघालेलीच होती म्हणून बाहेरची बाजूही पाहिली. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, यांच्यामध्ये बोटभर फट असते. समोरून जाळी स्वच्छ दिसत असली तरी या फटीत कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि किडे यांची गादी तयार झाली होती. हंगामात कापसाच्या आणि मळणीच्या रस्त्यांनी फिरणाऱ्या कोणत्याही गाडीत ती सापडेल. वरचे दोन ब्रॅकेट सैल करून रेडिएटर मागे झुकवला, मऊ ब्रशने गादी सोडवली आणि बागेच्या नळीने, इंजिनाकडून पुढच्या दिशेला पाणी मारले. समोरून मारले तर घाण आणखी आत बसते, आणि वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पाती आडवी होतात. या सफाईला एक पैसाही लागला नाही, फक्त दुपार गेली. ज्यांना एवढेच करायचे आहे त्यांनी निदान एवढे तरी पावसाळ्यापूर्वी करावे.

९ मे

जुने पाणी काढले. कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-गुरे ते चाटतात. आमच्या पाण्यात ते नावापुरतेच उरले असावे, तरी सगळे टबात धरून कॅनमध्ये भरले. पुस्तिकेत क्षमता साडेचार लिटर दिली आहे, खालच्या तोटीतून साडेतीनच निघाले. उरलेले ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहते. तळाशी चहाच्या गाळासारखा राखाडी-विटकरी गाळ होता. बॅटरीची निगेटिव्ह तार आधीच सोडली होती, कारण काही गाड्यांत किल्ली काढलेली असली तरी पंखा आपोआप सुरू होऊ शकतो आणि बोटे त्याच्याजवळच असतात.

थर्मोस्टॅटच्या घराला दहा नंबरच्या पान्याचे दोन बोल्ट आहेत. एक सहज निघाला. दुसरा अॅल्युमिनियमच्या घरात गंजून एकजीव झालेला होता. गंज सोडवणारे तेल मारून तासभर थांबलो, पुढे-मागे हलवत सोडवू लागलो, अर्धा फेरा फिरला आणि डोके तुटून हातात आले. घर मात्र दुसऱ्या बाजूने वर उचलता आले.

आत काहीच नव्हते. काकांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. थर्मोस्टॅट बसतो ती खाच रिकामी होती, तिथे कागदी पॅकिंग आणि वरून लाल सिलिकॉन लावलेला होता. म्हणजे हे आधीच्या कोणत्या तरी गॅरेजने विचारपूर्वक केले होते. “आपल्याकडच्या उन्हाला थर्मोस्टॅट लागत नाही, तो थंड देशांसाठी असतो” हा समज इतका पक्का आहे की गाडी तापते म्हटले की पहिला उपाय म्हणून तो काढून टाकला जातो. काही जुन्या इंजिनांत त्याने वरवरचा फरक पडतोही. पण ज्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते त्यात नुकसान दुहेरी होते. गार असताना वरची झडप रेडिएटरचा रस्ता बंद ठेवते आणि पाणी आतल्या आत, बायपासच्या वाटेने फिरते; तापल्यावर वरची झडप उघडते आणि त्याच वेळी खालची चकती बायपासची वाट बंद करते, जेणेकरून सगळे पाणी रेडिएटरमधूनच जावे. थर्मोस्टॅटच काढला तर दोन्ही वाटा कायम उघड्या राहतात. हलक्या भाराला इंजिन प्रमाणाबाहेर गार राहते, पेट्रोल जास्त खाते; आणि घाटात, जेव्हा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा गरम पाण्याचा एक हिस्सा थंड न होताच परत इंजिनात शिरतो. त्यात रेडिएटरच्याच एक तृतीयांश नळ्या बुजलेल्या. ७५ आणि ११२ या दोन्ही आकड्यांचा उलगडा झाला.

१० मे

तुटलेल्या बोल्टासाठी लेथवाल्यांना घरी बोलावले. त्यांनी उरलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग केले, गरम असतानाच पाना लावला आणि बोल्ट सरळ बाहेर आला. २५० रुपये. ड्रिलने कोरून काढण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो आणि घराचे आटे शाबूत राहतात. वेल्डिंग करताना बॅटरी सोडलेलीच ठेवावी. नवीन बोल्टांना तांब्याचे ग्रीस लावायचे ठरवले, म्हणजे पुढच्या वेळी ते निघतील.

१२ मे

नवीन थर्मोस्टॅट पॅकिंगसह ४८० रुपयांना मिळाला. नवीन भाग तपासल्याशिवाय बसवू नये, हा काकांचा आग्रह. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबकळत ठेवला, तळाला टेकू दिला नाही, आणि शेजारी काचेचा तापमापक धरला. पाणी ९० च्या पुढे गेले तरी झडप जेमतेम किलकिली झाली आणि खळखळ उकळू लागल्यावरही अर्धीच उघडली. तापमापक ९८ च्या वर जाईना म्हणून प्रथम तोच चुकीचा वाटला. पण या उंचीवर पाणी तेवढ्यालाच उकळते, म्हणजे तापमापक बरोबर आणि थर्मोस्टॅट सदोष. दुकानदारांना मोबाइलवरचे चित्रण दाखवल्यावर त्यांनी तो कुरकुर न करता बदलून दिला. दुसरा ८३ ला उघडू लागला, ९४-९५ ला पूर्ण उघडला. झडपेची उचल आठ मिलिमीटरच्या आसपास भरली. गार झाल्यावर घट्ट मिटलाही. पहिला तसाच बसवला असता तर रेडिएटर बदलूनही गाडी तापतच राहिली असती आणि शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला असता.

१४ मे

आतली सफाई. यासाठी घर थर्मोस्टॅटविनाच तात्पुरते बसवले, म्हणजे पाणी सगळीकडे फिरेल. किराणा दुकानातून अडीचशे ग्रॅम लिंबूसत्त्व आणले. लिटरला पन्नास ते साठ ग्रॅम हे प्रमाण पुरेसे आहे. ते कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवून ओतले, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन उभ्या जागी पंचवीस मिनिटे चालवले. क्षार आम्लात विरघळताना वायू सुटतो, त्यामुळे राखीव बाटलीत बराच फेस आला. इंजिन पूर्ण गार होऊ देऊन काढलेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. दुसऱ्यांदा निम्म्या प्रमाणात तेच केले, रंग बराच फिका आला.

संडास साफ करायचे अॅसिड वापरून हेच काम पाच मिनिटांत होते असे सांगणारे भेटतात. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल क्षाराबरोबर अॅल्युमिनियमही खाते; रेडिएटर, पंपाचे घर आणि हेड हे सगळे त्याच धातूचे आहेत. लिंबूसत्त्वसुद्धा रात्रभर आत ठेवू नये.

धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले तर केलेले काम पाण्यात जाईल, म्हणून जारचे पाणी घेतले. किती वेळा धुवायचे हे ठरवायला टीडीएस मीटर फार उपयोगी पडले : आत ओतलेल्या पाण्याचा आकडा ७० होता आणि बाहेर येणाऱ्याचा पहिल्या वेळी हजाराच्या वर. तो ७० च्या जवळ येईपर्यंत भरणे, चालवणे, गार करणे, काढणे सुरू ठेवले. शेवटची फेरी बॅटरीच्या पाण्याने केली, कारण लिटरभर पाणी कायम आतच राहते. सगळा वेळ खरे तर इंजिन गार होण्याची वाट पाहण्यातच गेला.

१५ मे

सकाळी गाडीखाली ओल दिसली. रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्यांच्यामध्ये रबर घालून कडा दुमडलेल्या असतात. तिथूनच थेंब येत होते. रबर केव्हाच मेलेले असणार, आजवर क्षारानेच ती फट बुजवून ठेवली होती. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर दुकानात उघडून, नळ्यांतून सळई फिरवून, पुन्हा डाग देऊन मिळत असत. या बांधणीत ते शक्य नाही, आणि एम-सील किंवा गळती बंद करणारी पावडर टाकणे म्हणजे साफ केलेल्या हीटरच्या नळ्या पुन्हा बुजवणे. बंदुकीने मोजल्यावर खालचा कोपरा ५१ वरून ६६ वर आलेला दिसला, म्हणजे सफाईचा परिणाम झाला होता. तरी हा रेडिएटर ठेवण्यात अर्थ नव्हता.

सफाई वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. ब्लॉक आणि हीटर साफ न करता नवीन रेडिएटर लावला असता, तर आतला सुटा गाळ पहिल्याच महिन्यात त्याच्या नळ्यांत जाऊन बसला असता.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानाशी फोनवर बोलून नवीन रेडिएटर मागवला : ३४०० रुपये, ट्रॅव्हल्सचे पार्सल १५० रुपये. एकाच मॉडेलसाठी एसीचा आणि विनाएसीचा असे दोन प्रकार येतात, जाळीची जाडी वेगळी असते. जुन्याची जाडी, होजच्या तोंडांचा व्यास आणि ब्रॅकेटची छायाचित्रे आधी पाठवली, त्यामुळे योग्य तोच आला.

१८ मे

रेडिएटर बसवला. जुना काढताना त्याच्या कडांना चिकटलेल्या स्पंजच्या पट्ट्यांचा भुगा झाला. त्या निरुपयोगी समजून टाकून दिल्या जातात, पण त्यांच्यामुळेच पंखा ओढतो ती हवा जाळीतून येते. पट्ट्या नसतील तर पंखा इंजिनाकडचीच गरम हवा कडेच्या फटींतून फिरवत बसतो. बाजारातून चिकटणारी फोमची पट्टी आणून सगळ्या कडांना लावली, ६० रुपये. वरचा आणि खालचा होज नवीन घेतले, ६२० रुपये, आणि क्लिपाही. वॉटर पंपाची पुली हाताने हलवून पाहिली. ढिली नाही, आवाज नाही, आणि खालच्या छोट्या भोकातून गळतीचा डाग नाही. तो तसाच ठेवला. थर्मोस्टॅट बसवताना त्याची छोटी हलती पिन वरच्या बाजूला येईल अशी ठेवली, कारण भरताना अडकलेली हवा तिथूनच निसटते.

१९ मे

भरताना प्रमाणाचा हिशोब नीट करावा लागतो. साडेचार लिटरच्या यंत्रणेत जवळपास लिटरभर बॅटरीचे पाणी आधीच राहिले होते. तयार मिश्रण ओतले असते तर ते आणखी पातळ झाले असते. म्हणून दोन लिटर निव्वळ कूलंट आधी ओतले आणि मग मावेल तेवढे बॅटरीचे पाणी घातले. प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास आले. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. इथे त्याचे मुख्य काम गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे हे आहे, आणि एक तृतीयांशाहून पातळ केले तर त्यातली गंजरोधक द्रव्ये अपुरी पडतात. उलट, शंभर टक्के कूलंट भरणेही चूक, कारण ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. रंगावरून दोन प्रकार एकत्र करू नयेत. रंगाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही.

हवा काढण्यासाठी पुढची चाके गेटच्या उतारावर चढवली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सगळ्यांत उंच राहील. झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन सुरू केले. मे महिन्यात गाडीत बसून हीटरची हवा गरम येते की नाही हे सांगण्याचे काम पुतण्याकडे होते आणि त्याने ते तक्रार न करता केले, असे म्हणवत नाही. हवा एकदा गरम, एकदा गार अशी येत होती, म्हणजे आत बुडबुडे अडकलेले होते. वरचा होज हाताने दाबत, पातळी उतरेल तसे भरत राहिलो. हीटर सलग गरम झाल्यावर झाकण लावले आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो. गार झाल्यावर राखीव बाटलीतून पाणी आपोआप आत ओढले गेले आणि होज गोल राहिला.

२१ मे

घाटाची परीक्षा पूर्वीच्याच परिस्थितीत घेणे आवश्यक होते, नाहीतर तुलना खोटी ठरली असती. म्हणून दुपारची वेळ, बाहेर ४१ अंश, एसी चालू, तिघे माणसे आणि मागे ज्वारीचे एक पोते, आणि तोच रस्ता. सपाटीवर पाली येईपर्यंत ८६ ते ८८. चढाच्या पहिल्या भागात ९१, ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रखडलो तेव्हा ९७, तिथे पंख्याचा जोर लागून ९९ ला थांबले आणि मोकळा रस्ता मिळताच ९४ वर उतरले. मांजरसुंब्याला पोहोचून इंजिन उभ्या जागी चालू ठेवले, पंखा नेहमीप्रमाणे सुरू-बंद होत राहिला. काटा पूर्ण वेळ मधल्या रेषेवर होता. अर्थात तो पूर्वीही बराच काळ तिथेच असायचा, त्यामुळे त्याच्याकडे पाहिले नाही.

२ जून

राखीव बाटलीची पातळी पहिल्या आठवड्यात बोटभर उतरली, ती उरलेली हवा निघाल्यामुळे. नंतर स्थिर आहे. खालच्या होजची क्लिप एकदा आवळावी लागली.

खर्चाचा तपशील : झाकण २२०, थर्मोस्टॅट ४८०, लेथकाम २५०, रेडिएटर पार्सलसह ३५५०, होज आणि क्लिपा ७००, कूलंट दोन लिटर ६४०, लिंबूसत्त्व, जार, बॅटरीचे पाणी आणि फोम मिळून सुमारे ४००. म्हणजे सहा हजार दोनशे चाळीस. बंदूक आणि रीडर यांचे १७५० वेगळे, पण ती साधने शिल्लक आहेत आणि गल्लीत फिरू लागली आहेत. वेळेचा हिशोब मांडला तर तुटलेला बोल्ट आणि सदोष थर्मोस्टॅट यांनीच सगळ्यांत जास्त खाल्ला.

काढलेल्या जुन्या पाण्याचे कॅन वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिले. वरून भरण्यासाठी कूलंट बॅटरीच्या पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून लिटरच्या बाटलीत भरले आणि वर ठळक अक्षरांत विष असे लिहून डिकीत ठेवले आहे. गाडी घरातले तिघे चालवतात, म्हणून राखीव बाटलीच्या झाकणावरही चिकटपट्टीवर लिहिले आहे : बोअरचे पाणी टाकू नये, डिकीतली बाटली वापरावी.